पिंगुळीचीं चित्रें व त्यांचे प्रेक्षक

कुडाळाजवळील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांच्या चित्रकथी पोथ्यांतील चित्रें आतां संगणकाच्या पडद्यावरही पाहावयास मिळतात. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, हें योग्यच झालें. परंतु एकेक चित्र सुटें करून दाखविण्याची रीत आम्हांस सदोष वाटते.

विशाल नेत्र, ठळक रेषा, मोजके रंग व मागें मोकळी जागा, यांस कोणी अडाणीपणा समजेल. वस्तुतः दिव्याच्या उजेडांत, कांहीं अंतरावर बसलेल्या श्रोत्यांस पात्र तत्काळ ओळखूं यावें व उरलेलें गायकाच्या वाणीनें पुरवावें, अशी ही योजना आहे. क्षेमेंद्रानें औचित्यास काव्याचें जीवित मानलें. चित्रासही तोच न्याय लागू होतो.

एका पोथींत एकच आख्यान असतें. दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं असतात. पान उलटलें कीं कथा पुढें सरते. त्यांतील एक पान चौकटींत बसविणारा संग्राहक आख्यानाचा दुवा तोडतो व पाठचें चित्र भिंतीआड करतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, पोथी फोडूं नये. छायाचित्रें घेतांना दोन्ही बाजू व पानांचा क्रम राखून तीं प्रसिद्ध करावीं.

उंद्री, जि. बुलढाणा