‘मुक्ति’ : केडगावी घडलेला एक अर्थविस्तार

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून बऱ्याच अंतरापर्यंत भीमा वाहते. तथापि दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, आणि कालवे होण्यापूर्वी अवर्षण त्यांच्या पाचवीलाच पुजलेले होते. अशा या मुलखात, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) आपली संस्था उभारली व तिला ‘मुक्ति’ हे नाव दिले. आपल्या परंपरेत मुक्ती ही ज्याची त्याची असते व ती भवबंधनातून असते. रमाबाईंनी स्वीकारलेल्या ख्रिस्ती धर्मात ती पापापासून असते. केडगावी या शब्दाला जो तिसरा अर्थ आला, त्याचा उगम रमाबाईंच्या आत्मनिवेदनात शोधता येतो, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी निवेदनात मद्रास इलाख्यातील दुष्काळाची हकीकत आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगून निर्वाह करी. होते ते द्रव्य दानधर्मात संपले. अंगमेहनतीचे काम करण्यास जात्यभिमान आड आला. अखेर शास्त्रीबोवांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. त्या वेळी त्यांचा मुलगा म्हणाला की, मी अभिमान सोडून मोलमजुरी करीन, वडिलांना उचलून गावात नेईन आणि आईबापांना पोशीन. पुढे वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघेही गेली; परंतु जलसमाधीचा बेत मुलाच्या त्या शब्दांनी टळला.

रमाबाई हा प्रसंग सांगतात तो देवतांच्या मौनाचा पुरावा म्हणून. लेखिकेचा निष्कर्ष आणि तिच्या कथनाचा निष्कर्ष यांत येथे अंतर पडते, असे आम्हांस वाटते. जुनी श्रद्धा निष्फळ ठरली, एवढेच हे कथन सांगत नाही. दुःखाचा अर्थ लावीत बसलेल्या माणसांपैकी एक जण उठतो आणि दुसऱ्याचा भार खांद्यावर घेतो, हा त्याचा गाभा आहे. हे उत्तर कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून त्यांची सोय केडगावच्या माळावर करावी लागली. तेथे शेती, विणकाम, तेलघाणा व छापखाना आला. अंधांना ब्रेल लिपी शिकविली गेली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रीलाही वाचता यावे म्हणून. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे खिळे जुळविणारे हात आश्रमातील स्त्रियांचेच होते. ज्या हातांना डोंगरे कुटुंबात काम वर्ज्य होते, त्यांना येथे काम मिळाले. ‘मुक्ति’ शब्दाचा तिसरा अर्थ हाच होय.

तथापि याच निकषावर रमाबाईंनाही तपासले पाहिजे. उपाशी मुलीने अन्नदात्रीचा धर्म पत्करला, तर तिची संमती कितपत मोकळी मानावी? हा आक्षेप केवळ सनातन्यांचा नव्हता. शारदासदनातील धार्मिक वातावरणावरून १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आक्षेप रास्त आहे, आणि रमाबाईंच्या सेवेची थोरवी सांगून त्याचे निरसन होत नाही.

परंतु आक्षेप घेणाऱ्यावरही एक ऋण येते. ज्या दारात भुकेल्याने जाऊ नये असे आपण म्हणतो, त्याच्या जागी आपले दार उघडे आहे काय? धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली शारदासदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंना मिळालेले सर्वांत सकस उत्तर कोणत्याही अग्रलेखात नसून या आश्रमात आहे.

रमाबाईंविषयीची पुष्कळशी टीका धर्मांतराच्या एका प्रश्नापाशी थांबते. स्तुतीही बहुधा तेथेच थांबते. आत्मनिवेदनातील तळ्याकाठचा प्रसंग दोघांनीही पुन्हा वाचावा. तेथे श्रद्धेची कसोटी लागली ती शेजारच्या माणसाला उचलून नेण्यात. मतांतराचा निर्णय ज्याचा त्याने करावा. शेजाऱ्याचा भार मात्र दोन्ही पक्षांवर सारखाच पडतो.