शातोब्रियांचा नकार

सत्तेला नकार देणारा प्रत्येक लेखक आपला, असे मानण्याची घाई आपल्या चळवळीत नेहमीच होते. म्हणून फ्रान्समधल्या शातोब्रियां या सरदार-लेखकाचे राजकीय लेखन मी तपासायला घेतले.

त्याचा नकार खोटा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. १८१६ साली ‘सनदेनुसार राजेशाही’ या ग्रंथात त्याने मंत्री जबाबदार हवेत, वृत्तपत्रे मुक्त हवीत, असे मांडले. पोलिसांनी प्रती जप्त केल्या. ज्या बूर्बों घराण्यासाठी त्याने लेखणी झिजवली, त्याच घराण्याच्या राजाने त्याचे मानाचे मंत्रिपद काढून घेतले. जुलै १८३० मध्ये दहाव्या चार्ल्सने वृत्तपत्रस्वातंत्र्य रद्द केले, पॅरिस पेटले आणि राजा परागंदा झाला. शातोब्रियांला ते फर्मान मान्य नव्हते. तरीही नव्या राजाशी इमानाची शपथ घ्यायला त्याने नकार दिला. सरदारसभेतील जागा सोडली, वेतनही सोडले. हद्दपार घराण्याची बाजू घेणाऱ्या पुस्तिकेबद्दल त्याच्यावर खटला झाला. १८३३ मध्ये तो निर्दोष सुटला.

हा माणूस विकाऊ नव्हता. पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या स्वातंत्र्यात माणूस म्हणून कोण कोण मोजला जात होता?

शातोब्रियांच्या वडिलांनी गुलामांच्या व्यापारात पैसा कमावला आणि १७६१ मध्ये कोंबूरचा किल्ला विकत घेतला. त्याच किल्ल्यात हा लेखक वाढला. आत्मचरित्रात वडील वसाहतीत श्रीमंत झाले एवढेच तो सांगतो. विकल्या गेलेल्या माणसांविषयी तो बोलत नाही. हैतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केले. १८०२ च्या ‘ख्रिस्ती धर्माचे सामर्थ्य’ या ग्रंथात त्याने त्यांच्या हिंसेकडे बोट दाखवून, आता काळ्यांची बाजू कोण घेणार, असा सवाल टाकला. त्यांच्या पाठीवरच्या चाबकाची हिंसा त्याने त्या सवालात मोजली नाही. त्याच वर्षी नेपोलियनने वसाहतींत गुलामगिरी कायद्याने पुन्हा लादली. पुढे १८२५ साली दहाव्या चार्ल्सने हैतीकडून स्वातंत्र्याची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. मुक्त झालेल्या गुलामांनी धन्यांना भरपाई द्यायची! शातोब्रियांची अखेरपर्यंतची निष्ठा याच राजाच्या घराण्याशी होती.

काही अभ्यासक म्हणतील, त्याला त्याच्या काळाच्या मापाने मोजा. मी तेच करतो आहे. हैतीचे गुलाम त्याच्याच काळातले होते आणि स्वातंत्र्याचा अर्थ त्यांना त्याच्याहून नेमका कळला होता. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. दूरच्या गुलामाचे दुःख त्यांना आपले वाटले, कारण ते खालून पाहत होते.

शातोब्रियांचे वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचे लेखन आपण जरूर वाचावे. मुस्कटदाबीविरुद्धचे त्याचे युक्तिवाद आजही कामाचे आहेत. मात्र ज्या पायरीवर त्याचा नकार थांबला, त्या पायरीखाली माणसे उभी होती, हे विसरून ते वाचू नये.