कुरळ्या केसांचे संगणकीय चलन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकीय अ‍ॅनिमेशनमधील केसांचे चित्रण हा सामान्यतः तांत्रिक कौशल्याचा विषय मानला जातो. केसांचे सिम्युलेशन करणे, म्हणजे वजन, ताण व टक्कर यांची गणिते क्षणोक्षणी सोडवून केसांची हालचाल निर्माण करणे, हे भौतिकशास्त्राचे उपयोजन आहे, यात शंका नाही. तथापि हे गणित कोणत्या केसांसाठी रचले गेले, हा प्रश्न अभिरुचीचा व सामाजिक दृष्टीचा आहे. पिक्सारचा 'ब्रेव्ह' (२०१२) हा चित्रपट आणि त्यातील तंत्र मांडणारा हेली आयबेन व सहकाऱ्यांचा 'आर्टिस्टिक सिम्युलेशन ऑफ कर्ली हेअर' (२०१३) हा शोधनिबंध यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप

सरळ केस लोंबत्या दोरीप्रमाणे वागतो. कुरळा केस मळसूत्री असल्याने स्प्रिंगप्रमाणे वागतो. गुरुत्वाकर्षणामुळे त्याचे वेढे उलगडू लागतात. ते टिकविण्यासाठी केसाचा ताठरपणा वाढवावा, तर केस तारेसारखा होतो व चालताना येणारी हिंदकळ नाहीशी होते. ताठरपणा कमी करावा, तर कुरळेपणाच हरपतो. आकार आणि चापल्य यांतील हा विरोध हीच मूळ अडचण होय.

आयबेन व सहकाऱ्यांनी ती मार्मिकपणे सोडविली. केसाच्या वेढ्यांमधून जाणारी एक गुळगुळीत मध्यरेषा कल्पून तिच्या लांबण्यास त्यांनी स्वतंत्र स्प्रिंगांनी विरोध केला. त्यामुळे वेढे उलगडत नाहीत, पण बट मोकळेपणाने झुलू शकते. केसाकेसांमधील असंख्य स्पर्शांपैकी निवडक स्पर्शच हिशेबात धरले गेले. पिक्सारने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार नायिका मेरिडाचे सुमारे १,११,७०० केस १,५०० घडविलेल्या बटांवरून निर्माण झाले होते.

मूल्यमापन

येथे भौतिक सत्याशी तडजोड झाली आहे, आणि शीर्षकातील 'आर्टिस्टिक' हा शब्द ती प्रांजळपणे मान्य करतो. या तडजोडीला दोष देणे उचित नाही. महालातील चितारओळीत मातीची मूर्ती घडविणारा कारागीरही केस न् केस घडवीत नाही. तो आधी केशसंभाराचा घाट उभा करतो, मग कोरणीने बटांच्या रेषा ओढतो. कलेतील सत्य हे निवडीतून सिद्ध होते.

मात्र निवड आली की निवडणाऱ्याची दृष्टीही आली. मेरिडाच्या सैल, लांब, लालसर बटा हा कुरळेपणाचा एक प्रकार आहे. घट्ट वेटोळ्यांच्या केसांना हे प्रतिमान तसेच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. २००६ मधील 'सुपर-हेलिसेस' या प्रतिमानाने मळसूत्री वळणाला गणिताच्या केंद्रस्थानी आणले होते, हे खरे. तरीही या क्षेत्रात 'केस' या शब्दाने प्रामुख्याने सरळ वा लहरदार केसच अभिप्रेत राहिले, ही थिओडोर किम यांची टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. किम, ए. एम. डार्के व सहकाऱ्यांनी घट्ट कुरळ्या केसांचे चलन (२०२३) आणि त्यांची भूमिती (२०२४) स्वतंत्रपणे अभ्यासली. त्यांपैकी दुसऱ्या निबंधात नोंदविलेले एक वैशिष्ट्य लक्षणीय आहे : केसाचे वळण मध्येच आपली दिशा उलटविते. बुद्धमूर्तीच्या मस्तकावरील दक्षिणावर्त कुंतले आपल्या परिचयाची आहेत. तेथे सर्व वळणे एकाच दिशेची असतात, कारण तो शिल्पसंकेत आहे. संगणकातील एकसारखे मळसूत्र हाही असाच एक संकेत होता. फरक इतकाच की, मूर्तीतील संकेत संकेत म्हणून ओळखला जातो, तर सॉफ्टवेअरमधील संकेत निसर्गनियमाच्या वेषात वावरतो.

आपल्या संदर्भातील प्रश्न

मराठीत बट, झुलूप, झिंज्या, जटा अशी केसांच्या अवस्थांची सूक्ष्म शब्दसंपदा आहे. तेल लावलेले कुरळे केस एकमेकांना चिकटून जड बटांनी हलतात. जटेत तर केसांचे सुटेपणच संपते आणि स्वतंत्र केस हे गणिताचे एककच निरुपयोगी ठरते. या अवस्थांचे निरीक्षण न करता विद्यार्थी जेव्हा सॉफ्टवेअरमधील तयार केशरचना उचलतो, तेव्हा त्याच्या नकळत पोतराजाच्या मस्तकावरही परक्या अभिरुचीचे केस झुलू लागतात. पात्र आपले राहते, पण त्याचा देह उसना होतो.

समारोप

'ब्रेव्ह'चे यश तंत्राइतकेच आग्रहाचे आहे. एका पात्राचा स्वभाव केसांतून प्रकट व्हावा, यासाठी नवे गणित उभारले गेले. आपल्या अभ्यासक्रमांनी अनुकरण करावे ते या आग्रहाचे. त्यासाठी अ‍ॅनिमेशनच्या वर्गात भौतिकशास्त्र, चित्रकला व भाषा या विभागांच्या अध्यापकांनी एकत्र येणे आवश्यक आहे. सॉफ्टवेअर शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्याला स्वतःच्या घरातील माणसांचे केस नीट पाहून त्यांची रेखाटने करण्यास लावावे. तयार साच्यात काय बसत नाही, हे त्याला तेव्हाच कळेल. नव्या प्रतिमानाची गरज त्या जाणिवेतूनच निर्माण होते.