लांबी नव्हे, वीण : सायकलमार्गांच्या हिशेबाची तपासणी

पुणे ही एकेकाळी सायकलींची नगरी होती, हे वाक्य आता घासून गुळगुळीत झाले आहे. त्याला जोडून येणारे दुसरे वाक्य मात्र तपासायला हवे : ‘लोक आळशी झाले.’ सायकल गेली ती माणसांच्या पायांतले बळ गेल्यामुळे, असा त्याचा अर्थ. या निदानात रस्ता कुठेच येत नाही. आणि रस्ता येतो तेव्हा तो किलोमीटरच्या आकड्यात येतो. माझा आक्षेप या दोन्हींवर आहे, पण दुसऱ्यावर अधिक.

नेदरलँड्सचे नाव काढले की ‘तो देश सपाट, लोक मुळातच सायकलवेडे’ असे उत्तर मिळते. देश सपाट आहे, हे खरे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या तशी तिथेही सायकल झपाट्याने मागे पडली. १९७१ या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. चळवळीचे नावच ‘बालहत्या थांबवा’ असे होते. १९७३ च्या तेलटंचाईने त्या मागणीला आणखी जोर आला. जमीन पूर्वीइतकीच सपाट होती. बदलले ते धोरण.

पण त्या धोरणाचा आरंभही चुकतमाकतच झाला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टिलबर्ग आणि हेग या शहरांत प्रत्येकी एक नमुन्याचा सायकलमार्ग सरकारी पैशातून बांधला गेला. मार्ग रुंद होते, देखणे होते. त्यांच्यावर सायकलींची गर्दीही झाली. मोजणी केल्यावर मात्र असे दिसले, की त्यातले बरेच सायकलस्वार शेजारच्या रस्त्यांवरून इकडे वळलेले होते. शहरातले एकूण सायकल चालवणे म्हणावे तसे वाढले नव्हते.

डेल्फ्ट या तिसऱ्या शहराने १९८० च्या दशकात वेगळी वाट धरली. तिथे एक मोठा मार्ग न बांधता तीन पदरी जाळे विणले गेले : शहरभर जाणारे मार्ग साधारण अर्ध्या किलोमीटरच्या अंतराने, विभागातले २०० ते ३०० मीटरवर आणि वस्तीतले त्याहून जवळ. यातले बहुतेक रस्ते आधीपासूनच होते. पैसा खर्च झाला तो मुख्यतः तुटलेले दुवे सांधण्यावर : कुठे कालव्यावरचा छोटा पूल, कुठे मोठ्या रस्त्याखालचा बोगदा. बाजेची सुंभ कितीही लांब असली तरी वीण पडल्याशिवाय तिच्यावर निजता येत नाही. डेल्फ्टने वीण घातली.

आता आपल्याकडचे मोजमाप पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या शिफारशीनुसार, तासाला १०० ते २०० मोटारवाहने असणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील तर स्वतंत्र मार्ग द्यावा. वाहने २०० च्या वर गेली तर १०० सायकलीही पुरेत. दुसऱ्या कलमात शहाणपण आहे : मोटारी वाढल्या की संरक्षणाची गरज वाढते, हे त्यात मान्य केले आहे. पण दोन्हींचा पाया एकच, आज दिसणारे सायकलस्वार. रस्त्याला घाबरून ज्यांनी सायकल सोडली, ते या मोजणीत येत नाहीत. पाणवठ्यावर घागरी दिसल्या तरच विहीर खणू, असा हा न्याय आहे. २०१५ मध्ये या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती आली. मोजण्याची सवय मात्र आपल्या अंगात भिनलेलीच राहिली.

पुण्यात २००६ च्या अखेरीस बीआरटी सुरू झाली, तिच्या रस्त्यांवर सायकलमार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर त्यात जाळ्याचाच विचार आहे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण प्रत्यक्ष रस्त्यावर मार्ग कुठे डीपीच्या पेटीशी, कुठे बसथांब्याशी आणि बहुतेक वेळा चौकाच्या अलीकडे संपतो. जिथे धोका सर्वांत जास्त, नेमके तिथेच सायकलस्वाराला वाऱ्यावर सोडले जाते. किलोमीटरच्या हिशेबात ही उणीव दिसतच नाही. दोन किलोमीटरचा मार्ग चार ठिकाणी तुटला तरी तो अहवालात जवळजवळ दोन किलोमीटरच भरतो. चालवणाऱ्याच्या लेखी तो शून्य असतो.

‘पेठांतल्या गल्ल्यांत जागा कुठे आहे?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण वस्तीतल्या गल्लीला वेगळा मार्ग लागतच नाही. तिथे वाहनांचा वेग उतरवला आणि आरपार जाणारी मोटार अडवली की पुरते. ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये मध्यवर्ती भागाचे चार विभाग केले. मोटारीला एका विभागातून दुसऱ्यात थेट जाता येईना, वळसा घ्यावा लागे. सायकल मात्र सरळ जाई. त्यासाठी एकही वाडा पाडावा लागला नाही.

हा प्रश्न हौशी सायकलपटूंचा नाही. ते पहाटे सिंहगडाच्या वाटेला लागतातच. प्रश्न रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या रखवालदाराचा आहे, ज्याला सायकलीवाचून पर्याय नाही. आणि त्या मुलीचा आहे, जिला घरचे सायकल घेऊन देतात पण सोसायटीच्या फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून सूचना एवढीच : पुढच्या अहवालात किती किलोमीटर झाले हे छापण्याआधी किती ठिकाणी तुटले ते छापा, आणि बारा वर्षांची मुलगी घरून शाळेपर्यंत एकटी पोहोचते का, ते पाहा. ती पोहोचली, तर लोक आळशी होते की नव्हते, हा वाद आपोआप मिटेल.