परिवीक्षेवरील बालक आणि संगणकीय वर्तन-परिवर्तन कार्यक्रम : वसई-विरारच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालविल्याचा आरोप असलेल्या 17 वर्षांच्या मुलास त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. या अटीवर महाराष्ट्रभर संताप व्यक्त झाला. त्या संतापात शिक्षेची मागणी होती, तसाच एक रास्त प्रश्नही होता : नेमून दिलेला पाठ पूर्ण केल्याने मनुष्याचे वर्तन बदलते काय?

हाच प्रश्न परिवीक्षेवरील किशोरांसाठी प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या संगणकीय कार्यक्रमांनाही विचारला पाहिजे. अशा कार्यक्रमात मुलगा पडद्यावरील प्रश्नांची उत्तरे देतो. त्या उत्तरांनुसार त्याला प्रसंग, सल्ला व सराव मिळतो आणि शेवटी प्रगतीचा अहवाल निघतो. या कार्यक्रमांची वैचारिक बैठक तपासणे व वसई-विरारसारख्या नगरात त्यांची उपयुक्तता कोणत्या अटींवर मान्य करता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिवीक्षेची मूळ कल्पना

1841 मध्ये बोस्टन येथील जॉन ऑगस्टस या पादत्राणे बनविणाऱ्या कारागिराने न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यपीची हमी घेतली. आधुनिक परिवीक्षेचा आरंभ या घटनेपासून मानला जातो. एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी आपला शब्द पणाला लावणे, हे तिचे बीज होय. मुंबई इलाख्यात 1924 चा बालक कायदा आणि 1927 मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी यांनी मुलाला तुरुंगापासून वेगळे काढण्याचा मार्ग रुंद केला. 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि या कामासाठी प्रशिक्षित माणसे घडू लागली.

1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमातील कलम 14 या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने चौकशी व देखरेख करावी एवढेच ते सांगत नाही. आवश्यक तेथे त्या व्यक्तीस योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, तिला सल्ला व साहाय्य द्यावे, असेही ते सांगते. 2015 च्या बाल न्याय अधिनियमातील कलम 18 नुसार बाल न्याय मंडळ विधिसंघर्षग्रस्त बालकास समज देऊ शकते, समूह-समुपदेशन किंवा समाजसेवा करण्यास सांगू शकते, तसेच जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीच्या परिवीक्षेवर सोडू शकते. संगणकीय कार्यक्रमाला या रचनेत जागा मिळालीच, तर ती समुपदेशनाचे एक साधन म्हणून मिळेल. कलम 14 मध्ये सांगितलेले साहाय्य त्याच्याकडून होणार नाही.

सैद्धांतिक आधार आणि बलस्थाने

या कार्यक्रमांमागे मुख्यत्वे दोन विचारधारा दिसतात. प्रोचास्का व डिक्लेमेंटे यांनी 1983 मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून दाखविले की, वर्तनबदल टप्प्याटप्प्याने होतो. ज्याला बदलाची गरजच वाटत नाही आणि ज्याने बदलास आरंभ केला आहे, त्या दोघांना एकच उपदेश करणे व्यर्थ होय. केनेथ डॉज यांच्या 1980 पासूनच्या संशोधनाने दुसरा मुद्दा पुढे आणला : आक्रमक मुले संदिग्ध कृतीतही शत्रुत्व पाहण्याकडे झुकतात. नालासोपारा स्थानकावरील गर्दीत लागलेला धक्का एकाला अपघात वाटतो, तर दुसऱ्याला आव्हान वाटते. धक्का आणि प्रतिधक्का यांमधील क्षणभराचा अवकाश ओळखण्याचा सराव पडद्यावर शंभर वेळा करता येतो. यंत्र थकत नाही, चिडत नाही, जात किंवा वस्ती विचारून टोमणा मारीत नाही. पोलीस ठाण्यात व शाळेत ज्याला अपमानच वाट्याला आला, त्या मुलाच्या दृष्टीने हा गुण क्षुल्लक नाही.

यंत्रापुढे मुले अधिक मोकळेपणाने बोलतात, यालाही आधार आहे. 1998 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या टर्नर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिकेतील 15 ते 19 वर्षे वयाच्या मुलग्यांनी हिंसा, मादक पदार्थ व लैंगिक वर्तन यांविषयीच्या संवेदनशील गोष्टी कागदी प्रश्नावलीपेक्षा ध्वनियुक्त संगणकीय प्रश्नावलीत अधिक प्रमाणात सांगितल्या. तथापि, तो सर्वेक्षणाचा अभ्यास होता. उत्तर देणाऱ्यावर न्यायालयाच्या आदेशाचे सावट नव्हते. हा फरक पुढील विवेचनात कळीचा ठरतो.

मर्यादा

पहिली मर्यादा निदानाची आहे. विचारप्रक्रियेतील दोष हेच गुन्ह्याचे कारण, असे हे कार्यक्रम बहुधा गृहीत धरतात. ‘मित्राने चोरीचा मोबाइल विकायला दिला तर तू काय करशील?’ या प्रश्नाखाली ‘नकार देईन’ हा पर्याय असतो. परंतु तोच मित्र खोलीचे भाडे भरीत असेल, तर काय करायचे, हा पर्याय पडद्यावर नसतो. मुलगा योग्य उत्तर निवडतो, गुण मिळवितो आणि त्याच खोलीत परत जातो. येथे कार्यक्रम खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो. मात्र त्याचा अहवाल ते अपुरेपण लपवितो.

दुसरी मर्यादा संवादाच्या स्वरूपाची आहे. जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 मध्ये ‘एलायझा’ हा संवाद साधणारा संगणकीय कार्यक्रम सादर केला. माणसे त्याच्यापुढे मन मोकळे करू लागलेली पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले आणि 1976 च्या आपल्या ग्रंथात, काही कामे यंत्राला जमली तरी त्याच्यावर सोपवू नयेत, अशी भूमिका त्यांनी मांडली. परिवीक्षेत ही भूमिका अधिकच लागू पडते. मुलाच्या कबुलीजबाबानंतर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाणारा, शाळेत पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून मुख्याध्यापकांना भेटणारा माणूस नसेल, तर ते बोलणे ऐकून कोणी घेतले, असा प्रश्न उरतो.

तिसरी मर्यादा नोंदीची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. बाल न्याय अधिनियमाचे कलम 74 बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. कलम 24 बहुतांश प्रकरणांत दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते व संबंधित नोंदी नष्ट करण्याची तरतूद करते. कायद्याने विस्मरणाचे वचन दिले आहे. संगणकाचा स्वभाव याच्या उलट आहे : प्रत्येक उत्तर, प्रत्येक विलंब, प्रत्येक खोडलेला पर्याय तो साठवितो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने 18 वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास, काही अपवाद वगळता, प्रतिबंध केला आहे. वर्तन मोजणे हाच ज्याचा हेतू, त्या कार्यक्रमाने आपण त्या अपवादात बसतो काय, याचे उत्तर आधी दिले पाहिजे. शिवाय पालकांची संमती घेतली तरी मंडळाच्या आदेशाच्या छायेत दिलेली संमती कितपत मुक्त, हा प्रश्न सुटत नाही.

वसई-विरारचा संदर्भ

वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. 2014 मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तरीही या परिसरातील बालकांच्या प्रकरणांत भिवंडीच्या निरीक्षणगृहाचा उल्लेख वृत्तपत्रांत वारंवार येत राहिला आहे. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या रोजंदारीवरील आईला मुलासह तारखेला जाणे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. घराजवळ, सायंकाळी पूर्ण करता येईल असा कार्यक्रम तिच्या दृष्टीने खरी सोय आहे, हे टीकाकाराने विसरता कामा नये.

परंतु याच नगरात भाषेचा प्रश्नही उभा राहतो. कुपारी समाजाची सामवेदी, वाडवळी, कोळी, पूर्वेकडील वारली, स्थलांतरितांची हिंदी, भोजपुरी व गुजराती अशा अनेक बोली येथे नांदतात. अमेरिकन शाळेच्या मार्गिकेत घडणारा प्रसंग शासकीय मराठीत उतरविल्याने तो विरारच्या मुलाचा होत नाही. ज्याची शाळा सहावीत सुटली, त्याला ‘आपल्या भावनांचे नियमन करा’ हे वाक्य ताकीद वाटेल, मदत वाटणार नाही. बोलून ऐकविणारा, त्याच्या भाषेत ‘तू’ म्हणणारा आणि लोकल, नाका, वीटभट्टी, रिक्षातळ यांतून प्रसंग घेणारा पाठ येथेच घडवावा लागेल.

निष्कर्ष

संगणकीय कार्यक्रम सरसकट नाकारणे म्हणजे, अधिकाऱ्यांच्या कामाचा भार व कुटुंबांची ओढाताण यांकडे डोळेझाक करणे होय. त्यांचा सरसकट स्वीकार मात्र निबंधाच्या अटीचीच नवी आवृत्ती ठरेल. म्हणून चार अटी आवश्यक दिसतात. मुलाची उत्तरे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाऊ नयेत. परिवीक्षेचा काळ संपताच ती नष्ट व्हावीत. ‘कार्यक्रम पूर्ण’ हा शेरा अधिकाऱ्याच्या गृहभेटीच्या जागी ग्राह्य धरू नये. आणि कार्यक्रमाची भाषा व प्रसंग स्थानिक असावेत.

या चौथ्या अटीपाशी महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. मराठी, मानसशास्त्र, समाजशास्त्र व संगणकशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असूनही क्वचितच एकत्र बसतात. असा पाठ घडविण्याचे काम त्यांना एकत्र आणू शकेल. मात्र त्यातून शोधनिबंधासाठी मुलांची माहिती गोळा करण्याचा मोह टाळावा लागेल. 1841 मध्ये ऑगस्टसने न्यायालयात हमी दिली ती स्वतःच्या नावाने. कार्यक्रम कितीही चांगला झाला, तरी मंडळापुढे मुलासाठी उभे राहणारे नाव माणसाचेच असावे लागेल.