‘ऑफेलिया’ : शोकात्मिकेचे स्त्रीकेंद्री पुनर्कथन आणि त्याच्या मर्यादा

प्रास्ताविक

विल्यम शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या शोकात्मिकेशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘विकारविलसित’ या नावाने केलेले तिचे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र या नाटकाची चर्चा प्रामुख्याने राजपुत्राच्या द्विधा मनःस्थितीभोवती फिरते आणि ऑफेलिया ही त्याच्या दुःखाचे एक निमित्त ठरते. क्लेअर मॅकार्थी दिग्दर्शित ‘ऑफेलिया’ (२०१८) या इंग्रजी चित्रपटाने हीच कथा तिच्या मुखातून सांगितली आहे. लिसा क्लाइन यांच्या २००६ च्या कादंबरीवर तो आधारित असून डेझी रिडली यांनी नायिकेची भूमिका केली आहे. या पुनर्कथनाने ऑफेलियाला काय दिले आणि तिच्याकडून काय काढून घेतले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाटकातील ऑफेलिया

नाटकाच्या वीस प्रवेशांपैकी केवळ पाच प्रवेशांत ऑफेलिया जिवंतपणी रंगमंचावर येते. पिता आणि बंधू तिला उपदेश करतात. पुढे हॅम्लेटची परीक्षा घेण्यासाठी पिता व राजा तिचा साधन म्हणून वापर करतात. तिचा मृत्यूही प्रेक्षकांसमोर घडत नाही, राणी गर्ट्रूड तो वर्णन करून सांगते. या वर्णनावरून जॉन एव्हरेट मिले याने १८५१-५२ मध्ये रंगवलेल्या चित्राने ‘पाण्यावर तरंगणारी सुंदर मृत तरुणी’ ही प्रतिमा रूढ केली. एलेन शोवाल्टर यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात ऑफेलियाच्या अशा बदलत्या चित्रणांचा इतिहास तपासला आहे. चित्रपटाचा आरंभ याच प्रतिमेने होतो, हे लक्षणीय आहे. पाण्यावर पडलेली स्त्री स्वतः बोलू लागते आणि आपली कथा आपणच सांगणार असल्याचे जाहीर करते.

पुनर्कथनाची उपलब्धी

दृष्टिकोन बदलताच एल्सिनोरचा भूगोलही बदलतो. तटबंदी आणि दरबार मागे पडून राणीचे अंतःपुर पुढे येते. तेथील सख्यांमधील उच्चनीचता, कुलीन नसलेल्या मुलीची होणारी अवहेलना आणि राणीला ग्रंथ वाचून दाखवणारी सुशिक्षित ऑफेलिया यांमुळे मूळ नाटकातील मोकळ्या जागा भरून निघतात. हॅम्लेट तिला मठात जाण्यास सांगतो, तो प्रसंगही येथे निराळा होतो. नाटकात तो तिचा अपमान ठरतो. चित्रपटात मात्र वरवरच्या कठोर शब्दांआड तिच्या सुरक्षिततेचा सल्ला दडलेला आहे. द्वंद्वापूर्वी ऑफेलिया हॅम्लेटला आपल्याबरोबर निघून येण्याची विनंती करते, तो सूड निवडतो आणि ती जीवन निवडते. सूड हेच पुरुषार्थाचे एकमेव रूप मानणाऱ्या परंपरेला हा प्रसंग थेट प्रश्न विचारतो. चित्रपटाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

वेड आणि सोंग

तथापि, याच ठिकाणी एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. नाटकाच्या चौथ्या अंकात वेड लागलेली ऑफेलिया दरबारात येते, गाणी म्हणते, फुले वाटते. संपूर्ण नाटकात कोणाच्याही अनुमतीशिवाय ती बोलते, ते या प्रवेशात. फसवल्या गेलेल्या मुलीचे आणि घाईघाईने पुरलेल्या पित्याचे दुःख तिच्या विस्कळीत शब्दांतून बाहेर पडते. ऐकणारे त्यातून अर्थ काढतील, अशी धास्ती राजवाड्याला वाटते. म्हणजेच तिचे वेड हे केवळ दौर्बल्य नसून सत्तेला अस्वस्थ करणारी वाणी आहे.

चित्रपटात हे वेड सुटकेसाठी घेतलेले सोंग ठरते. पुढे औषधाच्या साहाय्याने ती मृत्यूचाही आभास निर्माण करते, होरेशिओ तिला कबरीतून बाहेर काढतो आणि अखेरीस ती आपल्या कन्येसह मठात सुखरूप राहते. ऑफेलियाला चातुर्य लाभले, परंतु तिच्या वेडातील सत्य हरपले. शहाण्या मुलीला खरे बोलण्यासाठी वेडाखेरीज मार्गच उरू नये, असा समाज कोणता, हा मूळ नाटकाचा प्रश्न होता. चित्रपटात तो ‘ती कशी निसटली’ या प्रश्नात रूपांतरित होतो. सुटका व्यक्तीच्या हुशारीवर अवलंबून ठेवली, की जिला सुटता आले नाही तिच्या नाशाची जबाबदारी नकळत तिच्याच माथी येते. स्त्रीकेंद्री पुनर्कथनाला हे अभिप्रेत नसावे.

गर्ट्रूडची भगिनी मेक्टिल्ड हे कल्पित पात्रही याच मर्यादेत अडकते. परित्यक्ता, औषधी जाणणारी, गावाने चेटकीण ठरवलेली ही स्त्री विचारांना चालना देणारी आहे. पण अखेरीस तिलाही शत्रुसैन्यासह सूडाच्याच मार्गाने नेले जाते. नाओमी वॉट्स यांनी दोन्ही बहिणींच्या भूमिका केल्यामुळे राजवाड्यातील आणि अरण्यातील स्त्री ही एकाच नियतीची दोन रूपे आहेत, हे मात्र प्रभावीपणे सूचित होते.

समारोप

‘ऑफेलिया’ हा चित्रपट मूळ शोकात्मिकेची जागा घेऊ शकत नाही, परंतु तिच्यातील मौनाकडे लक्ष वेधतो, ही त्याची मोलाची कामगिरी होय. स्त्रीला वाणी देणे म्हणजे तिला विजयी करणे, हे समीकरण मात्र तपासून घेणे आवश्यक आहे. पराभूत स्त्रीचे बोलणेही तिचे स्वतःचेच बोलणे असते. म्हणून नाटकाचा चौथा अंक आणि हा चित्रपट वर्गात शेजारी शेजारी ठेवून अभ्यासल्यास विद्यार्थ्यांना जगलेल्या ऑफेलियाबरोबरच बुडालेल्या ऑफेलियाचेही म्हणणे ऐकता येईल.