दूधवाला तेव्ये आणि आपण शनिवार तेली

न्यूयॉर्कच्या फोक्सबीने या यिद्दिश नाटक मंडळीचे (स्थापना १९१५) 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक आम्ही २०१८ साली पाहिले. ब्रॉडवेवर ते १९६४ मध्ये इंग्रजीत आले. त्याचे यिद्दिश भाषांतर श्रागा फ्रिडमन यांनी इस्राएलात केले. या प्रयोगाचे दिग्दर्शक जोएल ग्रे.

तेव्ये झालेले स्टीव्हन स्कायबेल हशा मिळवण्यासाठी हातवारे करीत नाहीत. ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावे, तसे ते देवाशी बोलतात. रंगमंचावर मागे इब्री अक्षरांत एकच शब्द: तोरा. एवढा साधा देखावा पुरेसा ठरतो.

शब्बाथ लागण्याआधी घर गाठण्याची तेव्येची धडपड पाहून आम्हांला शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले कोकणातले वाडवडील आठवले. मुलींच्या लग्नांची काळजीही ओळखीचीच.

यिद्दिश मात्र आम्हांला येत नाही. इंग्रजी ओळी वाचून आम्ही हसेपर्यंत शेजारच्या आजीबाई हसून मोकळ्या झालेल्या! उणीव नाटकाची नव्हे, आमची. दुसरा अंक पाहताना मनात हेच घोळत होते, की आपली नातवंडे मराठीला अशीच उशिरा हसणार, किंवा हसणारच नाहीत.

त्या मंडळीने शंभर वर्षे आपली भाषा रंगमंचावर जागती ठेवली. आपल्याकडे अब्राहाम, योसेफ यांची मराठी कीर्तने आहेत. वाचकहो, येत्या सणाला त्यांतले एक तरी मुलांसमोर म्हणा. अर्थ मागाहून सांगता येईल. चाल तरी कानी पडू दे.